साकी, किपलिंग, लॉरेन्स की मॅन्सफिल्ड : सुरुवात कुणापासून करावी?

विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांतली ब्रिटिश कथा वाचायची ठरवली की पहिली अडचण निवडीची येते. साकी, रड्यार्ड किपलिंग, डी. एच. लॉरेन्स, कॅथरिन मॅन्सफिल्ड, व्हर्जिनिया वुल्फ ही नावं बहुतेकांच्या कानावरून गेलेली असतात. एखादी कथा कॉलेजच्या इंग्रजीच्या पुस्तकात भेटलेलीही असते. पण हातात एकच संग्रह घेऊन बसायचं तर कुणाचा? ‘सगळेच थोर आहेत’ हे खरं असलं तरी त्या उत्तरानं निर्णय होत नाही.

माझं उत्तर आधीच सांगून टाकते : मॅन्सफिल्ड, आणि तिचा ‘द गार्डन पार्टी अँड अदर स्टोरीज’ हा 1922 चा संग्रह. पण ते सगळ्यांना लागू पडेल असं नाही. हे पाच जण सर्वांत जास्त वेगळे आहेत ते एकाच बाबतीत : वाचकाला काय सांगायचं आणि काय त्याच्यावर सोपवायचं. आपल्याला यातलं कोणतं प्रमाण मानवतं हे कळलं की निवड आपोआप होते. ते कळायला सोपा मार्ग म्हणजे एकाच विषयावरच्या दोघांच्या कथा शेजारी ठेवून वाचणं. तशा जोड्या सुदैवानं मिळतात.

जेम्स जॉइसला मी इथे मुद्दाम घेतलेलं नाही. ‘डब्लिनर्स’ 1914 मध्ये आलं, काळ हाच आहे. पण ते पुस्तक आयर्लंडचं आहे, त्याला ब्रिटिशांच्या रांगेत बसवणं मला पटत नाही. जोसेफ कॉनरॅडचं उत्तम लेखन लघुकादंबरीच्या लांबीचं, म्हणून तोही बाहेर.

परक्या घरातलं मूल : किपलिंग आणि साकी

किपलिंगचा जन्म 30 डिसेंबर 1865 रोजी मुंबईत झाला, वडील जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवत होते. सहावं वर्ष पुरं व्हायच्या आत त्याला धाकट्या बहिणीसह इंग्लंडला साउथसीत एका अनोळखी कुटुंबाकडे ठेवण्यात आलं, आणि आई परत येईपर्यंत पाचेक वर्षं तिथल्या बाईनं त्याचा छळ केला. साकी, म्हणजे हेक्टर ह्यू मन्रो, 1870 मध्ये ब्रह्मदेशात अक्याबला जन्मला. वडील तिथे पोलीस खात्यात. आई तो अगदी लहान असताना इंग्लंडमध्ये वारली आणि मुलं डेव्हन परगण्यात आजी आणि दोन कडक आत्यांच्या ताब्यात वाढली. दोघेही साम्राज्याच्या नोकरशाहीची मुलं, दोघांच्या वाट्याला परक्या बाईचा धाक. दोघांनीही त्यावर कथा लिहिली.

किपलिंगची ‘बा बा, ब्लॅक शीप’ (1888) या काळाच्या थोडी आधीची आहे, पण तुलनेसाठी घ्यायलाच हवी. ती सुरू होते मुंबईच्या घरात. पंच नावाच्या मुलाला झोपवायला आया, हमाल आणि लाल-सोनेरी पगडीवाला सुरती गडी मीता असे तिघे जमलेत आणि पोरगा गोष्टीसाठी हट्ट धरून बसलाय. तिथून ते मूल इंग्लंडमधल्या थंड घरात जातं, देवाच्या नावानं मार खातं, खोटारडा ठरतं, पाठीवर तसा फलक शिवून घेऊन हिंडतं. वाचताना घशाशी आवंढा येतो. पण शेवटी किपलिंग स्वतः पुढे येतो आणि सांगतो की कोवळ्या ओठांनी एकदा द्वेष, संशय आणि निराशा प्यायली की जगातलं सगळं प्रेमही ती चव पुरती पुसू शकत नाही. वाक्य खरं आहे, अनुभवातून आलेलं आहे. तरी तोवर आपल्याला ते कळलेलं असतं.

साकीची ‘स्रेडनी वश्तार’ (‘द क्रॉनिकल्स ऑफ क्लोव्हिस’, 1911) याच दुःखाची आहे आणि जेमतेम पाच-सहा पानांत संपते. दहा वर्षांचा कॉनरॅडिन आजारी आहे, तो आणखी पाच वर्षंही जगणार नाही असं डॉक्टरनं सांगितलंय. पालक म्हणून असलेली चुलतबहीण मिसेस डी रॉप ‘तुझ्या भल्यासाठी’ त्याच्या प्रत्येक आनंदाला कात्री लावते. बागेतल्या पडक्या शेडमध्ये त्यानं एक कोंबडी आणि एक रानटी मुंगसासारखा प्राणी लपवून ठेवलाय आणि त्या प्राण्याचा त्यानं देव केलाय. पुढचं मी सांगणार नाही. साकीच्या बाबतीत ते पाळावंच लागतं, कारण शेवट आधी कळला तर कथेची निम्मी ताकद जाते. मुलाच्या वेदनेवर तो एकही हळवा शब्द खर्च करत नाही. शेवटच्या वाक्यात मूल एक अगदी साधी, रोजची गोष्ट करत असतं आणि ती वाचून अंगावर काटा येतो.

या जोडीत माझं मत साकीला. पण त्याचा धोका लगेच सांगायला हवा. एका बैठकीत सहा कथा वाचल्या की त्याची युक्ती दिसू लागते : ढोंगी आत्या, उपद्व्यापी तरुण, एखादं जनावर, आणि शेवटच्या ओळीत कलाटणी. ‘द ओपन विंडो’, ‘टोबरमरी’, ‘द लंबर रूम’ या तीन कथा तीन वेगळ्या दिवशी वाचाव्यात. काही विनोदही आता सहन होत नाहीत. ‘द अनरेस्ट-क्युअर’मध्ये ज्यूंच्या कत्तलीची थाप हा गंमतीचा विषय आहे, विसाव्या शतकात पुढे जे घडलं ते माहीत असलेल्या वाचकाला तिथे हसू येत नाही, येऊही नये.

घरात आलेलं प्रेत : लॉरेन्स आणि मॅन्सफिल्ड

ही जोडी सर्वांत मोलाची आहे. वेळ थोडाच असेल तर बाकी सोडून या दोनच कथा वाचाव्यात. दोन्हींत एक कष्टकरी माणूस अपघातात मरतो, दोन्हींत त्याचं प्रेत छोट्या घरात आणून ठेवलंय, आणि दोन्हींत एक स्त्री त्या प्रेतासमोर उभी राहते. फरक इतकाच की एकीत ती त्याची बायको आहे आणि दुसरीत वरच्या आळीतली श्रीमंताची मुलगी.

लॉरेन्स स्वतः खाणकामगाराचा मुलगा, नॉटिंगहॅमशरमधल्या ईस्टवुडचा. ‘ओडर ऑफ क्रिसँथेमम्स’ 1911 मध्ये ‘इंग्लिश रिव्ह्यू’त छापून आली आणि 1914 च्या ‘द प्रशियन ऑफिसर अँड अदर स्टोरीज’ या संग्रहात गेली. कोळशाच्या वाघिणी ओढत येणाऱ्या एका छोट्या इंजिनाच्या खडखडाटानं ती सुरू होते. एलिझाबेथ बेट्स गरोदर आहे, दोन मुलं चहाच्या टेबलाशी बसलीत, नवरा अजून खाणीतून आलेला नाही. गुत्त्यात पडला असेल म्हणून ती मनातल्या मनात त्याला शिव्या घालते आहे. हा राग कथेच्या अर्ध्याहून जास्त भागात हळूहळू चढत जातो. लेकीला शेवंतीच्या फुलांचा वास आवडतो. आईला तो सहन होत नाही, कारण लग्न झालं तेव्हाही शेवंती होती, लेक झाली तेव्हाही, आणि नवऱ्याला पहिल्यांदा दारू पिऊन उचलून आणला तेव्हाही त्याच्या कोटाला शेवंतीच होती.

मग बातमी येते. खाणीत दरड कोसळून तो आत कोंडला गेला, गुदमरून मेला. अंगावर जखम नाही. प्रेत बैठकीच्या खोलीत जमिनीवर ठेवतात. खोली इतकी लहान की आणणाऱ्यांच्या धक्क्यानं शेवंतीची फुलदाणी पडून फुटते. सासू आणि सून मिळून त्याला आंघोळ घालतात. सासू रडते, आपल्या बाळाचं कौतुक करते. सुनेला मात्र त्या स्वच्छ, गोऱ्यापान देहाकडे बघताना उमगतं की या माणसाला आपण कधी ओळखलंच नव्हतं. इतकी वर्षं एका अंथरुणात झोपलो, पण ज्याच्याशी भांडत होतो तो दुसराच कुणी होता. लॉरेन्स हे सगळं सांगतो. पानभर सांगतो, आडपडदा न ठेवता, पुन्हा पुन्हा तोच विचार फिरवत. शहाणा संपादक कदाचित त्यातल्या चार ओळी कापेल. मी एकही कापणार नाही. त्या बाईच्या डोक्यात त्या घटकेला विचार असाच गरगरत असणार.

मॅन्सफिल्डची ‘द गार्डन पार्टी’ बरोबर उलट्या टोकाला आहे. शेरिडनांच्या बागेत मेजवानीची तयारी चाललीय : मांडव, बँड, लिलीच्या कुंड्या, बेकरीवाल्याचे क्रीम पफ. तेवढ्यात कळतं की खालच्या गल्लीतला स्कॉट नावाचा गाडीवान मेला. घोडा बुजला, तो डोक्यावर आपटला. मागे बायको आणि पाच लहान मुलं. लॉराला वाटतं, मेजवानी रद्द करायला हवी. कुणालाच तसं वाटत नाही. आई तिच्या डोक्यावर स्वतःची सुंदर टोपी ठेवते आणि आरशात स्वतःला पाहताक्षणी लॉराचा निश्चय पातळ होतो. हा क्षण मॅन्सफिल्ड एका ओझरत्या परिच्छेदात उरकते. तिथे ‘वर्ग’, ‘अन्याय’ असा शब्द नाही. संध्याकाळी उरलेल्या खाऊची टोपली घेऊन आई तिलाच त्या घरी पाठवते. लॉरा प्रेत पाहते. ते तिला शांत, सुंदर दिसतं. आपल्या टोपीबद्दल ती त्याची क्षमा मागते आणि बाहेर पडून भावाला काहीतरी सांगू पाहते, पण वाक्य पुरं होत नाही.

इथे वाचकांचे दोन तट पडतात. लॉराला मृत्यूचं खरं दर्शन झालं, ती मोठी झाली, असं काहींना वाटतं. मला तसं वाटत नाही. गाडीवानाचं प्रेत तिला ‘सुंदर’ दिसतं कारण त्याला आंघोळ घालण्याची, त्याच्याशिवाय उद्या चूल पेटवण्याची वेळ तिच्यावर येणार नाही. लॉरेन्सची कथा आधी वाचलेली असली की हे लख्ख दिसतं. एलिझाबेथ बेट्सच्या घरात कुणी टोपली घेऊन आलं असतं तर तिनं काय केलं असतं, हा प्रश्न मॅन्सफिल्डच्या कथेत न विचारताही हजर असतो. स्कॉटच्या बायकोचा रडून सुजलेला चेहरा क्षणभरच दिसतो. ही मुलगी टोपली घेऊन का आली, हे त्या चेहऱ्याला कळत नाही.

दोन्हींत श्रेष्ठ कोणती हे मी ठरवू शकत नाही. पण निवडणाऱ्यासाठी फरक सरळ आहे. भावनेच्या तळाशी लेखकानं हाताला धरून न्यावं असं वाटत असेल तर लॉरेन्स. आपण स्वतः थांबून, मागची पानं उलटून अर्थ लावावा असं वाटत असेल तर मॅन्सफिल्ड. लॉरेन्सचं पुढचं वाचन करायचं तर ‘टिकेट्स, प्लीज’ आणि ‘द हॉर्स डीलर्स डॉटर’ घ्याव्यात. दोन्ही 1922 च्या ‘इंग्लंड, माय इंग्लंड’ संग्रहात आहेत. त्याच्या कादंबऱ्यांतली प्रवचनं ज्यांना झेपत नाहीत त्यांनाही या कथा आवडतात.

युद्धात गेलेला मुलगा : पुन्हा किपलिंग, पुन्हा मॅन्सफिल्ड

पहिल्या महायुद्धानं या सगळ्यांच्या घरात हात घातला. साकी त्रेचाळिसाव्या वर्षी साधा शिपाई म्हणून भरती झाला आणि नोव्हेंबर 1916 मध्ये फ्रान्समध्ये बोमाँ-आमेलजवळ गोळी लागून मेला. मॅन्सफिल्डचा भाऊ लेस्ली ऑक्टोबर 1915 मध्ये हातबॉम्बच्या सरावात गेला. त्याच्या दहाएक दिवस आधी किपलिंगचा अठरा वर्षांचा मुलगा जॉन लूसच्या लढाईत बेपत्ता झाला. बाप जिवंत असेपर्यंत त्याची कबर सापडली नाही.

किपलिंगची ‘मेरी पोस्टगेट’ 1915 सालचीच, पण ती लिहिली तेव्हा जॉन जिवंत होता. मेरी ही पगारी सोबतीण : नीटनेटकी, बेचव, कुणाच्या लक्षातही न येणारी बाई. जिच्याकडे ती नोकरीला आहे तिच्या पुतण्याला तिनंच वाढवलंय. तो विमानाच्या सरावात पडून मरतो. त्याची पुस्तकं, खेळणी, बॅटी, बूट बागेतल्या कचरा जाळायच्या भट्टीत घालायचं काम तिच्याकडे येतं. किपलिंग त्या वस्तूंची यादी देतो, जवळजवळ पानभर, आणि ती यादी कोणत्याही विलापापेक्षा जास्त रडवते. मग झाडाखाली तिला एक जखमी वैमानिक दिसतो, बहुधा जर्मन. तो मदत मागतो. मेरी काय करते, किंवा काय करत नाही, ते वाचताना आपण त्या बाईपासून दूर सरकतो आणि तरी तिला समजून घेतो. लेखक तिला दोष देत नाही, तिची बाजूही घेत नाही. ‘बा बा, ब्लॅक शीप’च्या शेवटी स्वतः बोलायला आलेला लेखक तो हाच, हे खरं वाटत नाही.

मॅन्सफिल्डची ‘द फ्लाय’ (1922) याहून बरीच छोटी आहे. एक यशस्वी कंपनीमालक, सहा वर्षांपूर्वी युद्धात गेलेला एकुलता मुलगा. भेटायला आलेला म्हातारा बोलता बोलता बेल्जियममधल्या कबरीचा उल्लेख करतो आणि निघून जातो. मालक दार लावून घेतो, रडायचं ठरवून बसतो. रडू येत नाही. दौतीत एक माशी पडलेली दिसते. तो तिला बाहेर काढतो, ती पंख पुसून उडायच्या बेतात येते, आणि तो तिच्यावर शाईचा थेंब टाकतो. पुन्हा एक. पुन्हा एक. प्रत्येक वेळी तिच्या धडपडीचं त्याला मनापासून कौतुक वाटतं.

दोन्ही कथांत दुःख क्रूर होतं. किपलिंगच्या कथेत ते दुसऱ्या माणसावर उतरतं, मॅन्सफिल्डच्या कथेत एका माशीवर, आणि मला माशीचीच कथा जास्त भयंकर वाटते. मेरीला आपण काय करतोय ते माहीत आहे, मालकाला नाही. तरी किपलिंगबद्दल एवढं म्हणायलाच हवं : ज्यानं त्याला फक्त साम्राज्याचा भाट म्हणून बाजूला ठेवलंय, त्यानं ‘मेरी पोस्टगेट’ आणि ‘द गार्डनर’ या दोन कथा वाचल्याशिवाय तो निकाल कायम करू नये. त्याचं साम्राज्यप्रेम खरं होतं आणि त्याच्या हिंदुस्थानी कथांत ते टोचतं; ‘प्लेन टेल्स फ्रॉम द हिल्स’पासून सुरुवात करणाऱ्या मराठी वाचकाचं मन उडतं ते त्यामुळेच. 1907 मध्ये बेचाळिशीच्या आत नोबेल मिळालेल्या या लेखकाच्या सर्वोत्तम कथा मात्र त्यानंतरच्या आहेत.

भाषा कुणाची किती जड?

मूळ इंग्रजीतून वाचणार असाल तर हा प्रश्न महत्त्वाचा आहे. मॅन्सफिल्डची वाक्यं छोटी, शब्द ओळखीचे. दहावीनंतरचा वाचक अडखळणार नाही. कठीण असतं ते वाक्यांच्या मधलं. साकीचं इंग्रजी जुन्या घरंदाज वळणाचं आहे, वाक्य लांबवत नेऊन शेवटी टोचणारं. सुरुवातीला शब्दकोश जवळ लागतो. लॉरेन्सची निवेदनाची भाषा सोपी, पण त्याचे खाणकामगार नॉटिंगहॅमशरच्या बोलीत बोलतात. ती डोळ्यांनी कळत नाही, मोठ्यानं वाचली की कळते. किपलिंग सर्वांत अवघड. त्याला प्रत्येक धंद्याची बोली येते आणि ती तो समजावून सांगत नाही. ‘मिसेस बाथर्स्ट’ (1904) वाचून तिच्यात नेमकं काय घडलं यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही.

मराठी कथेच्या अंगानंही आपली आवड ओळखता येते. फडक्यांच्या वळणाची, बांधेसूद, उत्कंठा वाढवत शेवटाला येणारी कथा मनापासून आवडत असेल तर साकी लगेच जवळचा वाटेल. गंगाधर गाडगिळांच्या नवकथेत ज्यांचं मन रमलं, जिथे घडतं थोडं आणि माणसाच्या आत बरंच काही हलतं, त्यांनी सरळ मॅन्सफिल्डकडे जावं. व्यंकटेश माडगूळकरांच्या माणदेशी माणसांवर जीव असलेल्यांना लॉरेन्सच्या खाणवस्तीतल्या घरांत परकं वाटणार नाही, जरी माडगूळकरांचा संयम लॉरेन्सकडे नाही.

व्हर्जिनिया वुल्फला मी मागे ठेवलंय ते विचारपूर्वक. ‘द मार्क ऑन द वॉल’ 1917 मध्ये आली. वुल्फ पती-पत्नींनी घरात छापखाना थाटून काढलेल्या पहिल्याच पुस्तकात. ‘क्यू गार्डन्स’ 1919 मध्ये. या कथांत भिंतीवरचा एक डाग किंवा फुलांच्या वाफ्यातली एक गोगलगाय पुरते आणि बाकी सगळं मनाच्या वाहण्यावर चालतं. कथा म्हणजे काय याची आपली कल्पना पक्की असताना त्या वाचल्या तर चिडचिड होते. मॅन्सफिल्डचे दहा-पंधरा तुकडे पचल्यावर वाचल्या तर आनंद होतो. मॅन्सफिल्डची दीर्घकथा ‘प्रेल्यूड’ 1918 मध्ये याच छापखान्यातून निघाली होती, आणि जिच्या लेखनाचा आपल्याला हेवा वाटला अशी ही एकटीच, अशी कबुली वुल्फनं तिच्या मृत्यूनंतर डायरीत दिली आहे. वुल्फपासूनच सुरू करायचा हट्ट असेल तर तिच्या उत्तरकाळातल्या ‘लॅपिन अँड लॅपिनोव्हा’ आणि ‘द लेगसी’ घ्याव्यात. दोन्ही लग्नाच्या आत पडत गेलेल्या भेगांच्या कथा आहेत, आणि दोन्हींना सरळ गोष्ट आहे.

पुस्तक मिळवण्याची चिंता नाही. या सगळ्यांना जाऊन साठहून अधिक वर्षं झाली, त्यामुळे भारतात त्यांचं लेखन कॉपीराइटमुक्त आहे आणि बरंचसं प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर फुकट वाचता येतं. मॅन्सफिल्डचा संग्रह घेताना एक लक्षात ठेवावं : 1922 च्या ‘द गार्डन पार्टी’ संग्रहातल्या पंधरा कथांत ‘द फ्लाय’ आणि ‘द डॉल्स हाउस’ नाहीत. जानेवारी 1923 मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, क्षयानं ती गेली. त्यानंतर निघालेल्या ‘द डव्ह्ज नेस्ट’मध्ये त्या आहेत. म्हणून एकच पुस्तक विकत घेणार असाल तर निवडक किंवा समग्र कथांची आवृत्ती घ्या आणि अनुक्रमणिकेत या दोन कथा आहेत ना, ते आधी पाहा. ‘मिस ब्रिल’पासून आरंभ करा. ती चार-पाच पानांची आहे. ती वाचून काहीच झालं नाही, तर मॅन्सफिल्ड बाजूला ठेवून खुशाल ‘ओडर ऑफ क्रिसँथेमम्स’ उघडा.